सहीवरची पानं

"नाव नको," मावशी म्हणाली. "पान घे, मासा घे, घरी मांजर असेल तर तिचं तोंड काढून देते. नाव राहू दे."

खुर्चीतली मुलगी हिरमुसली. कॉलेजची बॅग मांडीवर होती, मनगट पुढे केलेलं होतं. "पण मला नावच हवंय. तीन वर्षं झाली आम्हाला."

"मग तीन वर्षांत पाठ नाही झालं का? लिहून कशाला ठेवायचं?"

मुलीला हसू आलं, पण मनगट तिने मागे घेतलं नाही. मग मावशीने खणातून साधं बॉलपेन काढलं, चष्मा नाकावर सरकवला आणि त्या मनगटावर नाव लिहिलं, ठसठशीत, सुईने केल्यासारखं. "हे रोज आंघोळीनंतर गिरवायचं. तुझं तू. पंधरा दिवस. कंटाळा आला नाही तर ये, कायमचं करून देते."

"आणि कंटाळा आला तर?"

"तर साबण आहेच घरात."

नाव गोंदवायला येणाऱ्या प्रत्येकाला मावशी असंच परत पाठवायची. निम्मे लोक पुन्हा यायचे नाहीत. शेजारचा किल्ल्या बनवणारा म्हणायचा, "मावशी, गिऱ्हाईक हाकलायचा धंदा झकास चाललाय तुमचा." त्यावर मावशी म्हणायची, "तुझ्या किल्लीनं कुलूप नाही उघडलं तर तू दुसरी देतोस. मी दुसरं मनगट कुठून देऊ?"

काम ती आपल्या आईकडून शिकली होती. तीन सुया काडीला दोऱ्याने घट्ट बांधायच्या, काजळी कालवायची, डाव्या अंगठ्याने कातडी ताणायची आणि एकेक ठिपका आत बसवायचा. पुढे मशीन आलं, बाटलीतले रंग आले, एकदा वापरून फेकायच्या सुया आल्या. भिंतीवरचे नमुन्यांचे तक्ते उतरले. लोक मोबाइल पुढे करून सांगू लागले, हे असं, पण डोळे आमच्या कुत्र्याचे. मावशी तेही शिकली. जागा तेवढी तीच राहिली. रस्त्यालगतची पुढची खोली, मागे राहायच्या दोन खोल्या, मध्ये पडदा.

मुलगी गेली आणि तिच्या मागोमाग सून आत आली.

एरवी ती मागच्या दाराने यायची, चपला भिरकावायची आणि आधी चहाचं आधण ठेवायची. आज ती रस्त्याच्या बाजूने आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. अंगात लॅबचा पांढरा कोट तसाच. ती रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची. डाव्या हाताची बाही तिने कोपरापर्यंत दुमडली आणि हात खुर्चीच्या फळीवर ठेवला.

"आई, हे झाकायचंय."

मावशी बॉलपेनचं टोपण शोधत राहिली. ते तिच्या दुसऱ्या हातातच होतं.

सुनेच्या हातावर सही होती. लंबूची. लंबू म्हणजे मावशीचा मुलगा, गल्लीतला सगळ्यात उंच माणूस. लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची मुलगी ढब्बू रांगायला लागली त्या महिन्यात एका इमारतीत तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असताना वरून कोणीतरी बटण दाबलं. आता ढब्बू चार वर्षांची होती आणि तिची आई पुन्हा लग्न करणार होती.

त्या लग्नाचा विषय मावशीनेच काढला होता. लॅबच्या खाली चष्म्याचं दुकान होतं, दुकानाचा मालक शांत माणूस होता आणि त्याच्या चष्म्याच्या काचा सुनेसमोर वारंवार पुसायला लागत होत्या, हे एकदा आपला नंबर तपासायला गेली तेव्हाच तिने पाहिलं होतं. "माझं काय, मी आज आहे," असं तिनेच सुनेला सुनावलं होतं. "तुझं वय काय, पोरीचं वय काय." सून तेव्हा भांडली होती, रडली होती, मग हळूहळू चष्मेवाल्याबरोबर दुपारचा डबा खायला लागली होती. सगळं मावशीच्या मनासारखं झालं होतं. हात मात्र तिच्या हिशेबात नव्हता.

"तो म्हणाला का, झाक म्हणून?"

"तो एक शब्द बोलत नाही. तेच तर." सून बाहीच्या घडीशी चाळा करत होती. "रस्ता ओलांडताना हात धरतो ना माझा, तर आधी फिरून उजव्या बाजूला येतो. आजपर्यंत एकदाही हा हात धरला नाही त्यानं. मुद्दाम नाही करत. त्याला कळतही नसेल. पण मला कळतं ना."

मावशी म्हणाली, "मॉलजवळ तो मशीनवाला आहे, त्याच्याकडे जा. शिवणयंत्र आहे नुसतं. अर्ध्या तासात उरकेल."

"नाही. याच्यावर परक्या माणसाची सुई नको. तुम्ही केलीय, तुम्हीच झाका."

ती मावशीनेच केली होती. ढब्बूचा जन्म झाला, मायलेकी घरी आल्या, तेव्हा लंबूने बायकोच्या हातावर पेनाने सही ठोकली होती. माल मिळाला, ही पोच, म्हणाला. मग त्या दोघांना हसता हसता काय वाटलं कोण जाणे, दोघेही मावशीसमोर येऊन बसले. त्यांना पंधरा दिवस गिरवायला लावायचं मावशीला सुचलंही नव्हतं. घरातलंच तर काम. मशीनने दहा मिनिटांत झालं होतं.

"लग्नाच्या आधी खपली पडून कातडी नीट व्हायला हवी," मावशी म्हणाली. "महिना तरी हाताशी हवा."

"म्हणूनच आज आले."

"बरं," मावशी म्हणाली. "चित्र काढायला वेळ दे."

*

जुन्या कामावर नवं काम करायचं तर जुनं पुसता येत नाही. ते आतच राहतं. वरचं चित्र असं बेतायचं की जुनी रेघ नव्याच्या गडद भागात पडावी आणि नजर दुसरीकडे जावी. मावशीने असे कितीतरी हात झाकले होते. सोडून गेलेल्यांची नावं, मोडलेल्या दुकानांची नावं, दारूच्या भरात केलेली एक अख्खी शिवी. लोक रडत यायचे आणि हातावर घुबड नाहीतर होडी घेऊन जायचे.

तिने सुनेच्या हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून सही उतरवून घेतली आणि तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला. चार दिवस ती त्याच्याभोवती फिरत होती.

सही लंबूने शाळेत असताना बसवली होती. मोठा माणूस झाल्यावर लागेल म्हणून. पहिलं अक्षर दांडगं, मग एक गुंता, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी खाली येऊन मागे वळायची आणि तीच लांब रेघ होऊन सगळ्या सहीखालून जायची. पेन न उचलता. शेवटी दोन ठिपके, ते मात्र जोरात. अर्थ विचारला की म्हणायचा, ठिपके म्हणजे तू आणि मी. बापाला ठिपका का नाही, असं कोणी विचारलं की म्हणायचा, बाप रेघ आहे, लांब गेलेला. बाप खरंच सोडून गेलेला होता, त्यामुळे पुढे कोणी काही बोलायचं नाही.

"सुसर काढ," ढब्बू म्हणाली. ती टेबलाला हनुवटी टेकवून बघत होती. तिला सध्या सगळीकडे सुसर हवी असायची.

"आईच्या हातावर सुसर? मग आई लोकांचं रक्त कसं काढणार? घाबरून पळतील."

"सुसरच काढेल रक्त," ढब्बू म्हणाली. बिनतोड होतं.

शेवटी मावशीला दिसली ती फांदी. ती खालची रेघ फांदी होऊ शकत होती. तिच्यावर लांबट पानांची दाटी, एकावर एक, आणि सगळी अक्षरं त्या पानांच्या काळ्या पोटात. दोन ठिपक्यांच्या बिया. चित्र सुरेख उतरलं. इतकं सुरेख की कागद सुनेपुढे ठेवताना मावशीला स्वतःचाच थोडा राग आला.

सून बराच वेळ बघत होती. "छान आहे," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "छानच आहे, आई."

*

रविवारी दुपारी दुकानाचं दार लावून घेतलं. ढब्बू खाली सतरंजीवर स्केचपेन पसरून बसली. सून बाकावर आडवी झाली, हात उशीवर ठेवला. मावशीने स्टेन्सिल दाबून बसवलं, कागद सोलून काढला. जांभळ्या रेघांची पानं सहीवर उमटली. मग तिने मशीनवरचं फडकं न काढता बाजूच्या डब्यातून काडी काढली.

"हातानं करताय?" सुनेने मान उचलून पाहिलं.

"मशीनचं काम फार घाईचं असतं."

सुनेने डोळे मिटून घेतले.

हातकामात आवाज नसतो. सुई आत जाते आणि बाहेर येताना कातडी तिला सोडते, तेवढाच एक बारीक टच्. करणाऱ्याची नजर पुढच्या रेघेवर नसते, नुकत्याच बसलेल्या ठिपक्यावर असते. त्याच्या शेजारी पुढचा, त्याच्या शेजारी पुढचा. मावशीने डावीकडून फांदी धरली. ही रेघ जुन्याच रेघेवरून न्यायची होती, त्यामुळे काम सोपं होतं. मधूनमधून ती टिश्यूने रंग टिपत होती.

"तुम्हाला माहितीये का," सून डोळे मिटूनच म्हणाली, "पहिल्यांदा तुमचा लेक आमच्याकडे रक्त द्यायला आला होता ना, तेव्हा चक्कर येऊन पडला होता."

"काय सांगतेस?"

"तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्यानं. एवढा उंच माणूस, सुई बघितली आणि आडवा. आम्हाला दोघींना उचलेना. मी विचारलं, घरी कोणी आहे का न्यायला? तर म्हणतो, आई आहे, पण तिला नका बोलावू, ती गोंदणवाली आहे, तिची बदनामी होईल."

मावशीला हसू फुटलं. सुई वर धरून ती हसली, मग पुन्हा वाकली. "लहानपणी मी काम करायला बसले की पडद्यामागे जाऊन बसायचा. मला वाटायचं अभ्यास करतोय."

"लग्नानंतर म्हणायचा, माझ्या नशिबात दोन बायका, दोघीही टोचणाऱ्या."

खाली ढब्बू सुसरीला दात काढत होती. एकेक दात मोठ्याने मोजत होती आणि मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. सून बोलत राहिली. लंबू गेल्यापासून या घरात त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं ते कामापुरतं, त्याची पेटी कुठे ठेवली, त्याचा रेनकोट कोणाला द्यायचा. आज डोळे मिटलेले होते, हात दुसऱ्याच्या हातात होता, आणि तिचं बोलणं सुटलं होतं. त्याला सही करायचं वेडच होतं. आंघोळीनंतर आरशावर वाफ असायची, तिच्यावर सही. नवी बादली आणली, तिच्या बुडाखाली सही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक लिफ्टच्या वर, मोटारीच्या खोलीत, खडूने सही.

"आमच्या लॅबच्या बिल्डिंगमध्येही आहे म्हणे वर. मी कधी चढून बघितली नाही."

"हं," मावशी म्हणाली. टच्. टच्.

"आई, त्याचं हसणं आठवतं मला. पण बोलणं आठवेना झालंय. म्हणजे शब्द आठवतात, आवाज नाही. मी काल रात्रभर त्याचा 'अगं ऐक' आठवायला बघत होते. तुम्हाला आठवतो?"

मावशीला आठवत होता. तो आत्ताच तिच्या कानात होता, जाड, थोडा सर्दी झाल्यासारखा, दारातून आत येतानाच बोलायला सुरुवात केलेला. तो सांगता येण्यासारखा नव्हता. ती ठिपक्याशेजारी ठिपका ठेवत गेली. टिश्यूने टिपत गेली. जांभळं स्टेन्सिल तिच्या तळव्याच्या घामाने कधीच पुसट झालं होतं.

दातांचा कंटाळा आला तशी ढब्बू उठून बाकाजवळ आली. तिने आईच्या हातावर नाक नेलं.

"आजी, तू बाबाचं परत केलंस?"

मावशीने चष्मा वर केला.

फांदी जिथे संपायची होती, जिथून पहिलं पान बाहेर पडायचं होतं, तिथे पान नव्हतं. रेघ तशीच वळून वर गेली होती, शेपटीतून शेवटच्या अक्षरात, तिथून गुंत्यात, आणि जवळजवळ दांडग्या अक्षरापर्यंत पोचली होती. लंबूची सही, उलट्या दिशेने, एकेक ठिपका करत, ओली, काळीभोर. गेल्या काही वर्षांत ती फिकट हिरवी झाली होती. आता ती काल केल्यासारखी दिसत होती.

सून उठून बसली. तिने हात आपल्याकडे ओढून घेतला आणि पाहिलं.

"मुद्दाम केलंत."

"नाही गं."

"आई, खरं सांगा."

मावशीच्या हातात काडी तशीच होती. "हात गेला," ती म्हणाली. "फांदीवरून चालला होता, तसाच पुढे गेला."

"तीस वर्षं काम करताय तुम्ही. डोळे मिटून कराल. आणि हात गेला?"

"मला माहीत नाही," मावशी म्हणाली. हे मात्र अगदी खरं होतं.

सून रडली नाही. तिने टिश्यू घेतला आणि स्वतःच रंग टिपला, पेशंटचा हात पुसावा तसा, हलक्या हाताने, कामापुरता. "मी लॅबच्या शेजारच्याच कोणाकडे गेले असते तर कधीच झालं असतं," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी थांबले होते."

ती पडद्यामागे गेली. ढब्बू तिथेच उभी होती. "छान आलंय," तिने आजीची समजूत घातली आणि आपली सुसर तिच्या मांडीवर ठेवली.

*

ताज्या कामावर लगेच सुई चालवता येत नाही. खपली धरते, पडते, खालची कातडी आधी कांद्याच्या पापुद्र्यासारखी चमकते. तोवर थांबावंच लागतं. लग्न तीन आठवडे पुढे गेलं. चष्मेवाल्याला काय कारण सांगितलं ते सुनेने सांगितलं नाही आणि मावशीने विचारलं नाही. रोज सकाळी सून हात पुढे करायची, मावशी कोमट पाण्याने धुऊन मलम लावायची, आणि दोघी ढब्बूच्या दप्तराबद्दल बोलायच्या. त्यावरून भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

लॅबमध्ये सून भर उकाड्यात लांब बाही घालून जाऊ लागली.

एका सकाळी चष्मेवाला एकटाच दुकानात आला. दारातच घुटमळला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसावं की स्टुलावर, हे त्याला ठरवता येईना, तेव्हा मावशीनेच खुर्ची दाखवली.

"घाबरू नका, मी विचारल्याशिवाय टोचत नाही."

तो कसनुसा हसला. "मावशी, मी एवढंच सांगायला आलो की माझं काही म्हणणं नाही. ते राहू दे हातावर. तिला मी सांगितलं, पण ती ऐकत नाही. तुम्ही सांगा."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. चांगला माणूस होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं. त्याच्यात एक खोट सापडली असती तर तिला फार आधार वाटला असता.

"मग तिचा तो हात का धरत नाही तुम्ही?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी धरत नाही?"

"नाही."

बाहेर किल्लीवाल्याचं यंत्र घासून घासून थांबलं. "असेल," तो म्हणाला. "मला वाटतं... तिथे कोणी बसलेलं आहे असं वाटतं, मावशी. गर्दीत कोणाला धक्का लागू नये म्हणून आपण अंग चोरतो ना, तसं होत असेल. पण सवय होईल मला."

"किती वर्षं चोराल अंग?"

तो उठला. जाताना म्हणाला, "ढब्बूला परवा प्राणिसंग्रहालयात नेतोय. तिला सुसर बघायचीय. तुम्ही याल?"

"तुम्ही जा तिघं," मावशी म्हणाली.

तो गेल्यावर तिने टेबलाची काच उचलली. पानांचा कागद आणि त्याखालचा सहीचा कागद, दोन्ही तिथेच होते. तिने एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले. नवी पानं काढायची गरज नव्हती. तीच, पण आता अधिक दाट, अधिक काळी. नव्या गडद रेघेवर पूर्वीची छाया पुरणार नव्हती. तिने पेन्सिल घेतली आणि पानांची पोटं भरत बसली.

*

मशीनवाल्याच्या दुकानाला काचेचं दार होतं, आत काळा सोफा होता आणि गाणी लागलेली होती. मावशी सुनेला घेऊन आत शिरली तसा तो खुर्चीतून उठला आणि त्याने आधी गाणी बंद केली.

"मावशी? इकडे? आज सूर्य कुठून उगवला?"

"रोजच्याच जागेवरून. शिवणयंत्र मोकळं आहे का तुझं?"

"तुमच्यासाठी कायम मोकळं." आपल्याला हे नाव कोणी ठेवलं ते त्याला ठाऊक होतं. "काय शिवायचंय?"

सुनेने बाही दुमडली. त्याने हात आपल्याकडे घेतला, दिव्याखाली धरला आणि त्याचं हसणं थांबलं. "ही लंबूची ना," तो म्हणाला. "आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तोच बघायचा. वर खडूनं..." पुढे त्याने वाक्य सोडून दिलं.

"त्याचीच," मावशी म्हणाली. तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. "चित्र माझं आहे. मशीन तू चालव."

त्याने पानं बघितली, मग सही, मग पुन्हा पानं. धंद्यातल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. "हे तुमच्याइतकं नेमकं मला नाही जमणार, मावशी. तुम्हीच का नाही..."

"माझा हात चांगला चालतो," मावशी म्हणाली. "पण आपल्या वाटेनं चालतो."

सून खुर्चीत मागे रेलली. तिने मावशीकडे पाहिलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. "आई, तुम्ही बाहेर बसा हवं तर."

"नाही. मी बसते इथे. टिपायला कोणी लागेलच त्याला."

मशीन सुरू झालं. त्या काचेच्या खोलीत त्याचा आवाज भरून राहिला, बोलायला जागाच उरली नाही. त्याचा हात चांगला होता. मावशीने ते पहिल्या पानातच ओळखलं आणि मनातल्या मनात कबूल केलं. फांदी, एक पान, त्याच्यामागचं पान. तो थांबला की मावशी टिपायची, तो पुढे जायचा. दांडगं अक्षर गेलं. गुंता गेला. सून छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी येऊन कानात जात होतं आणि तिने ते पुसलं नाही. तेवढं पुसायला मावशीचे हात मोकळे नव्हते.

बऱ्याच वेळाने त्याने मशीन थांबवलं आणि मान मोकळी केली. "झालं."

मावशीने टिपून घेतलं. वाकून पाहिलं. शेवटच्या दोन पानांच्या मध्ये, जिथे शेपटी खाली वळायची, तिथे एक बारकी कमान उघडी होती. नखाएवढी.

"हे राहिलंय."

मशीनवाला खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, मी मुद्दाम सोडलंय ते. कोणाला कळणार नाही. देठ वाटेल. एवढं राहू दे तुमच्यासाठी."

सुनेने हात हलवला नाही. मशीनवाला वाट बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तीच कणव होती जी गेली तीन वर्षं गल्लीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मावशीने पाहिली होती.

तिने दिवा थोडा जवळ ओढला. तिथली कातडी अंगठ्याने ताणून धरली, त्याला सोपं जावं म्हणून.

"भर," ती म्हणाली.

त्याने मशीन सुरू केलं. फार वेळ लागला नाही. मावशीचा अंगठा शेवटपर्यंत हलला नाही.

मग तिने कोरा टिश्यू घेतला, पाण्याने ओला केला आणि सगळ्या कामावर सपाट दाबून धरला, तळव्याने, हलकेच. उचलून उलटा करून दिव्याखाली धरला. कागदावर सगळं उमटलं होतं, फांदी, बिया, पानांवर पानं. तिने तो एका बाजूने पाहिला, फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिला.

पानंच होती.

धंद्यातली माणसं करतात तशी तिने रंगाची बाजू आत ठेवून त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि पायाने डब्याचं झाकण दाबून आत टाकला.